पाच गिअरचे व्याही

जगात जे जे काही अडतं ते चुकीच्या गिअरमुळे अडतं, असं आमच्या व्याह्यांचं ठाम मत आहे, आणि ते खोडून काढणारा माणूस लोहा तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. कोणाचं पोट बिघडलं, कोणाची सोयरीक मोडली, ग्रामपंचायतीत ठराव पडला, सगळ्याला कारण एकच. बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला जग केबिनच्या काचेतूनच दिसणार, हे मी समजू शकतो; पण माझी मुलगी त्यांच्या घरी दिलेली असल्यामुळे मला नुसतं समजून भागत नाही, मानही डोलवावी लागते. लग्नाच्या बैठकीत त्यांनी मुलीचं शिक्षण विचारलं नाही की स्वयंपाक. मला बाजूला घेऊन म्हणाले, "इवाई, मोटारसायकल कोन्त्या गिअरात उचलता?" मी लातूरचा, आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. "पहिल्या," असं खरं ते सांगून मोकळा झालो. त्यांचा चेहरा पडला. "पैला घाटासाठी राखायचा अस्तो. सपाटीला गाडी दुसऱ्यातच उचलायची." लग्न तरीही झालं, पण माझ्याविषयीचं त्यांचं मत त्या दिवसापासून फारसं सुधारलं नाही.

एसटीत ड्रायव्हरचं दार उजवीकडे असतं, म्हणून ते कशावरही उजवीकडूनच चढतात. मुलाच्या लग्नात स्टेजच्या पायऱ्या डावीकडे होत्या, तर हा वरबाप उजवीकडून, फुलांच्या कुंड्या ओलांडून, फेटा सावरत वर आला. दुपारी आडवं होण्यापूर्वी ते खाटेच्या चारही पायांना एकेक लाथ मारून बघतात. टायरची हवा बघायची सवय, दुसरं काही नाही. घरातून निघताना कोणी "निघू या का?" विचारलं तर उत्तर देत नाहीत, कंडक्टरच्या डबल बेलसारखी दोनदा टाळी वाजण्याची वाट बघतात. विहीणबाई बिचाऱ्या बत्तीस वर्षं कंडक्टर नसूनही टाळ्या वाजवत आल्या आहेत.

अशा माणसाला निवृत्तीनंतर आमच्या जावयांनी वाढदिवसाला एकवीस गिअरची डोंगरी सायकल आणून दिली. पुढे तीन चक्रं, मागे सात. व्याह्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही चाकांना लाथ घातली आणि म्हणाले, "साठ मानसं, वर कोंबड्या, शेळ्या, पोत्यांचा ढीग, असं सगळं घेऊन मी किनवटच्या जंगलातून गाडी काढली, ती पाच गिअरवर. आता मी एकटा मानूस. एकवीस कामून?" दुसऱ्या दिवशी लोह्याच्या मिस्त्रीकडे नेऊन त्यांनी पुढची चेन मधल्या चक्रावर कायमची बसवून घेतली आणि मागच्या सातांपैकी दोन्ही टोकांचे गिअर स्क्रू आवळून बंद करवले. राहिले पाच. मिस्त्री कळवळून म्हणाला, "काका, कंपनीनं फुकट देलेत, राहू द्या की." यावर व्याही म्हणाले, "फुकट भेटतंय म्हनून सहावं बोट घेतं का कोनी?"

रविवारी नांदेडहून हेल्मेटवाले सायकलस्वार लोह्यापर्यंत येऊन चहा पितात. त्यांच्यापैकी एका सत्तावीस गिअरवाल्याला यांनी सहज विचारलं, "आत्ता कोन्त्या गिअरात आलात?" त्या भल्या माणसानं वाकून चेनकडे पाहिलं. "खाली पाहून सांगतो तो ड्रायव्हर न्हाई," असा निकाल जागच्या जागी लागला. पुढच्या रविवारपासून ती मंडळी दुसऱ्या हॉटेलात चहा घेऊ लागली, असं मला मुलीनं फोनवर सांगितलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर विहीणबाईंनी सायकल बंद करायचा धोशा लावला. वय झालं, गुडघे दुखतात, रस्त्यावर ट्रक फार, असं त्यांचं म्हणणं. मुलगा आईच्या बाजूनं, माझी मुलगी सासूच्या बाजूनं. मोटार तर निवृत्तीबरोबर सुटलीच होती. आता हेही वाहन गेलं तर हा माणूस नुसताच चालणार, आणि पायी चालणाऱ्यांबद्दल त्यांचं मत काय आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी पैज ठरली. माळाकोळीचा घाट पाच गिअरवर, पाय न टेकता चढले तर सायकल राहणार. पाय टेकला तर जाणार. पंच म्हणून लातूरहून मला बोलावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. पडलातच तर आईंच्या बाजूनं पडा." विहीणबाईंनी तर सकाळी पोह्यांची बशी हातात देतानाच हळूच सांगितलं, "भाऊ, टेको न टेको, टेकला म्हनूनच सांगा."

थंडीचे दिवस होते, शिवारात तुरीची कापणी चाललेली. व्याही पुढे सायकलवर, मी मागे मोटारसायकलवर. घाट लागला तसा त्यांनी राखून ठेवलेला पहिला गिअर टाकला. घाम, धाप, शर्ट पाठीला चिकटलेला. पण पाय काही टेकेना. मी मनातून कधी त्यांच्या बाजूचा झालो मलाच कळलं नाही. शेवटच्या वळणावर रस्त्याच्या डाव्या कडेनं एक म्हातारी डोक्यावर तुराट्यांचा भारा घेऊन चालली होती. ऊन स्वच्छ, रस्ता मोकळा. व्याही सरळ तिच्या अंगावर गेले. हँडलचं टोक भाऱ्याला लागलं, म्हातारी "अगं माय!" म्हणत कडेला कोलमडली आणि सावरली. मी थांबून विचारपूस केली, लागलं काही नव्हतं. तोवर व्याही माथ्यावर पोचले होते.

मी जवळ गेलो तेव्हा ते उतरून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "इवाई, डाव्या अंगाला कोन व्हतं?"

"एक म्हातारी होती. लागलं नाही तिला."

"मला दिसली न्हाई." हँडलच्या डाव्या टोकाला अडकलेली तुराटीची काडी त्यांनी काढून टाकली. मग म्हणाले, "लई दिवस झाले, त्या बाजूचं दिसून न्हाई राहिलं. बत्तीस वर्षांत कोनाला धक्का लागू देला न्हाई मी." त्यांनी सायकलच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "घरी सांगा, पाय टेकला."

"पण टेकला नाही."

"टेकला म्हना. डोळ्याचं नका काढू."

इतकी वर्षं ज्यांच्यासमोर नुसती मान डोलवली, त्यांचा हात मी त्या दिवशी पहिल्यांदाच धरला. घरी येऊन मी निकाल सांगितला. व्याह्यांनी खाली मान घालून पुस्ती जोडली, "पाच कमी पडले. गिअर जास्तच पाहिजेत." मुलगा आणि माझी मुलगी पोट धरून हसली. विहीणबाई हसल्या नाहीत. पाण्याचा तांब्या घेऊन त्या त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या.

परवा लोह्याला गेलो तेव्हा दोघं बाजाराकडून चालत येताना दिसली. विहीणबाई त्यांच्या डाव्या बाजूनं, अर्धं पाऊल पुढे. तिकडून कोणी आलं की त्या बोलणं न थांबवता त्यांच्या कोपराला नुसतं बोट लावत होत्या, आणि ते तेवढेच उजवीकडे सरकत होते. मी तर कोणालाच काही सांगितलं नव्हतं. विहीणबाईंना ते कधीपासून ठाऊक आहे, हे विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.