मौनाच्या तासातली कादंबरी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात काहीतरी घडतं, आपण ते हसत सांगतो, मग पुढचं सांगताना मागचंही सांगावं लागतं, आणि बघता बघता ढीग होतो. माझी कादंबरी कधी छापली गेली नाही, पण तिचे किस्से मैत्रिणी अजून मागून घेतात. "कादंबरी राहू दे गं, किस्से सांग!" घ्या तर मग.

*

मध्य भारताचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. सरकार उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. आमचे हे सचिवालयात, त्यामुळे थंडी आली की फायलींच्या पेट्यांबरोबर तेही ग्वाल्हेरला. मागे इंदूरला, सराफ्याच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर, मी, सासूबाई आणि आमची कुमुद. कुमुद नऊ वर्षांची. सांधे धरणाऱ्या तापाने तिचं हृदय कायमचं दुबळं केलं होतं. जिना बंद, शाळा बंद.

मी डॉक्टरांना विचारलं, "घरी शिकवीन मी. कुठल्या परीक्षेची तयारी करून घेऊ?"

ते म्हणाले, "परीक्षेचं राहू द्या. तिला आवडेल ते शिकवा."

ते नेमकं काय म्हणाले, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

*

कुमुद शाळेत का येत नाही हे बघायला मोठ्या बाई घरी आल्या. बाजारातली हिंदी सासूबाईंना फर्डी यायची, पण बाईंची हिंदी सरकारी कागदावरची. त्यांनी विचारलं, "माजी, बच्ची को घर पर शिक्षा कौन देता है?"

सासूबाई ताठ झाल्या. त्यांना शिक्षा म्हणजे मारणं, कोंडणं एवढंच माहीत. "शिक्षा? हमारे घर में किसी को शिक्षा नहीं देते! इसके बाप को भी कभी नहीं दी!"

बाईंनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. कुमुद इतकी हसली, की तिला धाप लागली. ती हसली की आनंद मानावा की घाबरावं, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

*

चातुर्मास आला. सासूबाई म्हणाल्या, "कुमीसाठी काहीतरी नेम धर. देवाला काही दिल्याशिवाय तो कसं ऐकणार?"

मी दुपारी पानावर बसल्यापासून तासभर मौन धरलं. आळीभर कौतुक झालं! आणि त्या तासात मी कादंबरी लिहायला बसले. दिवसभर स्वयंपाक, सोवळं, औषधं, कुमुदचा अभ्यास. कुणी हाक मारणार नाही असा तेवढा एकच तास होता. कुमुदला काही अडलं तर ती पाटीवर लिहून दाखवायची, मी पाटीवरच उत्तर द्यायची. त्रैराशिक ती अशीच शिकली.

ह्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "देवाला फसवतेस?"

मी म्हटलं, "सुरुवात त्याने केली."

बोलून गेले खरी, पण मुलीच्या नावाने धरलेला नेम मी स्वतःसाठी वापरत होते. त्याची लाज वाटायची, आजही वाटते.

*

समोरच्या मिश्राईनला खिडकीतून माझी वही दिसायची. ती सासूबाईंना म्हणाली, "माजी, आपकी बहू तो उपन्यास में लगी है."

हिंदीत कादंबरीला उपन्यास म्हणतात; सासूबाईंना ऐकू आलं 'उपास'. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी. "मौनावर उपास पण? अगं, सांगायचं तरी! कुठल्या देवाचा?"

माझं मौन नुकतंच सुरू झालेलं! खुलासा कसा करणार? मुकाट्याने खिचडी खाल्ली. मौन सुटल्यावर सांगावं, तर कादंबरीचं बिंग फुटलं असतं; पुढे महिनाभर खाल्ली.

*

शेवटी कुमुदनेच सगळं सांगून टाकलं. सासूबाई चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांना गोष्टीचीच ओढ लागली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी कुमुद त्यांना माझी वही वाचून दाखवायची. कादंबरीत विमल नावाची एक आजारी मुलगी होती.

कुमुदने मला विचारलं, "आई, ही मरणार का?"

"अजून ठरलं नाही."

"मग ठरव ना. आजी रोज विचारते."

सासूबाईंनी हे ऐकलं मात्र! "मतलब, मारणार तू तिला? घरात असलं अक्षर बिलकुल काढायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते! मारायचीच असेल, तर बाहेर जाऊन मार."

मग मी तीन दुपारी कृष्णपुऱ्याच्या छत्रीच्या, म्हणजे होळकरांच्या समाधीच्या, पायऱ्यांवर बसून विमलला मारलं. मौन तिथेही पाळलं; रडण्याने मौन मोडत नाही.

*

पौषात कुमुद गेली. हे ग्वाल्हेरला होते. तार मिळून ते आले, तेव्हा घरात फक्त तिच्या अंथरुणाची जागा धुऊन ठेवलेली होती. तेव्हापासून वास्तूविषयी आमच्या घरात कुणी बोललं नाही. मीही वही उघडली नाही.

होळीच्या सुमाराला सासूबाई अचानक म्हणाल्या, "वही काढ गं. शेवटचं वाच. कुमी वाचायची ते."

नको नको म्हणत मी काढली. छत्रीवर लिहिलेलं ते प्रकरण वाचायला लागले. विमलचा ताप, तिची आई, मग ती पहाट. वाचत राहिले.

सासूबाईंनी मला मध्येच थांबवलं.

"हे काय भलतंच वाचतेस? विमल बरी झाली. देवासला दिलीय ना तिला, मास्तराच्या घरी. मुलगा झालाय. कुमीने कितीदा वाचून दाखवलंय मला, शेवटच्या आठवड्यात तर रोज. तुझंच अक्षर तुला लागत नाही होय? नीट वाच."