रविकांतची हाक

मिशी नाही म्हणून माणसाला होडीत घ्यायचं नाही, हा नियम कुठल्या शहाण्याने काढला देव जाणे. पण १९८३ सालीही आमच्या किनाऱ्यावर तो होता. रापणीची होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेर घ्यायची, तिच्यात मिसरूड फुटलेले बाप्ये. दोर ओढायला वाळूवर बायका, आम्ही पोरी, म्हातारे आणि माझा भाऊ रविकांत. मासळीचा वाटाही त्याला पोरांचा, अर्धाच.

त्याला सोळावं सरलं होतं आणि आवाज माझ्यापेक्षा बारीक. त्याच्याहून लहान, शेजारचा भिकाजी होडीत चढला, त्या दिवशी रविकांत जेवला नाही. चोरून बाबांचा वस्तरा फिरवला, तर गाल तेवढा कापला. आमची आई सत्यवती धामापूरच्या भगवतीला नवस बोलून आली. होडी हाकणारा तांडेल गणपत रोज चिडवायचा, "आदी मिशी फुटांदे रे, मगे होडीत चड!" मला त्याचा असा राग यायचा!

एका सकाळी बांगड्याचा थवा आला. पाण्यातला काळपट पट्टा किनाऱ्यावरून स्वच्छ दिसत होता आणि होडी भलतीकडेच वळत होती. म्हाताऱ्यांनी घसे ताणले, पण लाटांच्या गाजेत सगळं विरलं. तेव्हा रविकांत ओरडला, "गणपतकाका, दक्षिणेक वळाऽऽ!"

ती बारीक हाक लाटांवरून थेट होडीपर्यंत गेली. शेवटाला मात्र फाटली. गणपतने होडी वळवली. जाळं ओढताना आमचे तळवे सोलवटले. गणपतने रविकांतच्या पुढ्यात पुरा वाटा ओतला तेव्हा मला नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा आवाज घोगरा. ओरडून घसा गेला, म्हणून आईने महिनाभर आल्याचे काढे पाजले. ज्या हाकेने मान मिळाला तीच गेली, म्हणून तो रडकुंडीला आला. शेवटी गणपतच हसत सुटला, "गो सत्यवती, काढे कित्याक? तुझो झील वयात इलो!" काही मुलग्यांचं अंग सावकाश भरतं, एवढंच होतं ते.

पुढच्या हंगामात आम्ही दोर धरून उभ्या होतो. होडीतून भरदार हाक आली, "ओढा गोऽऽ!"

आईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोण गो तो?"

"तुझोच झील," मी म्हटलं.

आईने दोराला असा हिसका दिला, की माझाच तोल गेला.