नंतर बघायची कुस्ती

रविवारी संध्याकाळी दोन वाहिन्या एकाच वेळी कुस्त्या दाखवतात. पूर्वी त्यावरून आमच्याकडे रिमोटची ओढाओढ व्हायची. नवऱ्याने रेकॉर्डिंगचा सेट टॉप बॉक्स आणला आणि भांडण मिटलं.

परवा एका वाहिनीवर माझ्या धाकट्या बहिणीची, मंगलची कुस्ती होती. नवरा दुसरीकडचा नामांकित मल्ल बघत बसला. "तिची रेकॉर्ड होतेय गं. जेवल्यावर निवांत बघू," म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. तिकडे ती जीव तोडून झुंजत होती आणि इथे तिला लोणच्यासारखं बरणीत भरून ठेवलं जात होतं. या वाहिन्यांची म्हणे चढाओढ चालते. बघणाऱ्याला कुणालाच नाकारावं लागत नसेल, तर ती चढाओढ कसली?

मी रिमोट हिसकावून वाहिनी बदलली. मंगल खाली सापडली होती, पाठ टेकू नये म्हणून मान ताणून धडपडत होती.

"हरतेय ती," नवरा म्हणाला.

"हरू दे. पण हरताना मी बघणार."

मंगल हरली. माझे डोळे भरून आले.

थोड्या वेळाने नवऱ्याने विचारलं, "मग आता ते रेकॉर्डिंग पुसून टाकू का?"

मी रिमोट त्याला दिला नाही.