पुस्तक सापडतंय का बघा

आटपाट तालुक्याचं गाव होतं, तिथं एक वाचनालय होतं. वाचनालयात एक ग्रंथपाल साहेब होते, देवघेवीच्या काउंटरवर काशिनाथ होता, वर अध्यक्ष आबा होते, आणि खाली झाडलोट करणारी मी, गयाबाई. मला अक्षर कळत न्हाई, माणसं कळतात. इतकी वर्षं कोपऱ्यात झाडू घेऊन उभं राहिलं की किस्से केरासारखे गोळा होतात. केर तरी रोज बाहेर टाकता येतो.

माझी नात रेखा तिथं कंत्राटावर कम्प्युटरला लागली. तिनं वाचनालयाची वेबसाईट केली. आबा म्हणले, "लोकांना ती वापरता येती, असं स्टाफनं लिहून दिलं की पोरीला कायम करू." रेखा कायम झाली की तिच्या आई-बापाचं ऊसतोडीला जाणं थांबणार होतं.

रेखा म्हणली, "वाचक बोलवू, साईटवर पुस्तक शोधायला लावू. आपण मागं गप बसून बघू, कुठं अडतात ते."

साहेब म्हणले, "अडतील ते अडाणीपणानं. त्यात बघायचं काय?"

ह्या साहेबांच्या मोबाईलमधी अलार्म काशिनाथ लावून देतो.

*

तरी पहिल्या दिवशी साहेबांनी उद्घाटन ठेवलं. नारळ फुटला, दोन तास भाषणं झाली. पुस्तक शोधायला आलेल्या बाईंना शाल घातली, माऊसवर हात ठेवायला लावून फोटो काढला आणि घरी धाडलं.

"सर, त्यांनी पुस्तक कुठं शोधलं?" रेखानं विचारलं.

"फोटोत हात माऊसवरच हाय की."

*

मग नेकनूरचे एक रिटायर गुरुजी आले. ते जरा थांबले की मागून काशिनाथ सुरू. "खाली जा. अजून खाली. आता डावीकडं." रेखानं ओठावर बोट ठेवलं, तर हा उठला, गुरुजींच्या हातातला माऊस घेतला, पुस्तक शोधलं आणि वहीत लिहिलं, 'वाचकाला पुस्तक लगेच सापडलं.'

"सापडलं कोणाला?" रेखानं विचारलं.

"सेवा करायलाच बसलोय ना आमी इथं?"

*

साहेब म्हणले, "हुशार माणूस आणा, संस्थेची बेइज्जती नको." आणला कोण, तर स्वतःचा साडू. घरी चार येळा सराव करून घेतलता. साडूनं डोळ्याचं पातं लवायच्या आत पुस्तक काढून दाखवलं. रेखा म्हणली, "आता दुसरं एखादं शोधा."

साडूनं साहेबांकडं बघितलं. "हे सिलॅबसमधी नव्हतं."

*

खरं दुखणं येगळंच होतं. साहेबांच्या हुकमानं साईटवर सगळ्यात वर आबांचा फेट्यातला हा एवढा फोटो. खाली संचालक, मानपानाप्रमाणं. त्यांच्या खाली पुस्तक शोधायची जागा. जो येई तो आबांच्या फोटोवरच माऊस नेऊन दाबी. काई उघडत नसे.

"सर, फोटो खाली घेऊ," रेखा म्हणली.

"आबांना खाली? कंत्राटावर हायेस ना तू? मी लिहून बिहून काई देणार न्हाई."

काशिनाथ म्हणला, "लोक फोटोवर माऊस नेतात ते प्रेम हाय, बाई."

मी हसले. मला संडास धुवायला पाठवलं.

*

एक दिवस आबाच आले. त्यांच्या नातीला घोड्यांवरचं पुस्तक पाहिजे होतं. काशिनाथ कपाटाकडं धावला. मी मधी पोछा आडवा धरला.

"फरशी ओली हाय, काशिनाथ, पडशील. आबा, तुमचीच साईट हाय, तिच्यात बघा की."

आबा बसले. पहिला माऊस फोटोवरच नेऊन दाबला. काईच न्हाई. चष्मा पुसला, परत दाबलं. मग जोरात दाबलं. साहेबांनी तोंड उघडलं, रेखानं ओठावर बोट ठेवलं. आबांच्या देखत साहेब जन्मात पहिल्यांदा गप बसले. आबांसाठी आणलेला चहा निवला.

शेवटी आबा वळले. "साहेब, हा फेटेवाला मधी कशाला बसलाय? उठवा त्याला."

साहेबांनी उभ्या उभ्या लिहून दिलं, साईट रेखा म्हणती तशी करावी, म्हंजे लोकांना वापरता येईल. काशिनाथनं खाली सही ठोकली. "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," म्हणला. फोटो खाली गेला, लोकांना पुस्तकं सापडाया लागली, आणि स्टाफनं तसं आबांना लिहूनही दिलं.

दिवाळी सरली. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक गावात आला. मुकादमानं आमच्या दारात हाक मारली. रेखाचा बाप ओट्यावर चहा पीत बसलता. बशी खाली न ठेवता म्हणला, "औंदा न्हाई येत आमी."