बांधावरच्या आंब्याचा खटला

राज्यांची फेररचना झाली तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. नागपूर राज्याच्या सीमेपलीकडे गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळला गेली. आमच्या कचेरीतल्या मराठी कारकुनांनी हिंदीची तोंडी परीक्षा द्यायची असे ठरले. नापास झालो तर माझी नोकरी कायम होणार नव्हती. बाजारातली हिंदी येत होती. पण 'मेरे कू, तेरे कू' म्हणून भाजी मिळते, साहेबापुढे ते चालत नाही.

मी सिंधीपुऱ्यात थोरल्या भावाकडे राहायचो. कचेरी सुटली की तापीकाठी राजघाटाच्या पायरीवर बसायचो आणि दिवेलागणीपर्यंत काहीही करायचो नाही. व्याकरणाचे पुस्तक घरी उशाशी पडलेले असे.

"भाऊजी, पुस्तक घरी अन् तुम्ही घाटावर," वहिनी ताट वाढताना म्हणायची. "परीक्षा काय तापीमाय घेणार आहे?"

"असू दे गं," भाऊ म्हणायचा. "नापास झाला तर केळीच्या मळ्यात राखणीला ठेवू. तिथं बसायचंच काम असतं."

घाटावर माझ्या मनात दोन भाऊ भांडत होते. बांधाला लागून आंब्याचे झाड; खोड थोरल्याच्या शेतात, फांद्या धाकट्याच्या. रोज संध्याकाळी खटला पुढे सरके. थोरला खेकसायचा, धाकटा गळा काढायचा, त्यांची आई साक्षीला येऊन दोघांनाही खोटे पाडायची. पुढे माझे आयुष्य वर्तमानपत्रात गेले; तिथे घडलेलेच लिहायचे असते. न घडलेल्याची एवढी मजा मी पुन्हा घेतली नाही.

पहिले काही दिवस सगळे मराठीत भांडले. मग एका संध्याकाळी माझ्या मनातल्या न्यायाधीशाने हात वर केला. तो भोपाळकडून बदलून आलेला, त्याला मराठी समजेना. तेव्हापासून त्या घराला हिंदीत भांडावे लागले. शब्द अडला की खटला अडे, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तो शब्द विचारून घेईपर्यंत मला चैन पडत नसे.

परीक्षेला एक वयस्क अधिकारी होते. "कोई मामला समझाकर बताइए," ते म्हणाले.

कचेरीतले एकही प्रकरण आठवेना. आंबा आठवला. मी सुरुवात केली. थोरल्याच्या जबाबाला त्यांनी लेखणी खाली ठेवली, आईच्या साक्षीला ते खुर्चीत पुढे सरकले.

"फिर? पेड़ किसको मिला?"

"साहब, अभी सुनवाई बाकी है."

"कौन से गाँव का मामला है?"

"गाँव अभी सोचा नहीं, साहब."

ते इतके हसले की दारातला शिपाई आत डोकावला. मी पास झालो. नोकरी कायम झाली. पुस्तक शेवटपर्यंत उघडले नाही.

घरी वहिनीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग झाड कोणाला?"

"अजून ठरलं नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर चहा तयार होता.

"घ्या अन् निघा घाटावर," वहिनी म्हणाली. "धाकट्याला झाड मिळाल्याशिवाय परत येऊ नका."

"अन् थोरल्यानं काय करायचं?" भाऊ आतून म्हणाला.

मी चप्पल घातली.