नाही म्हणायचा तास

उज्ज्वला पुन्हा म्हणाली, "या, गुटे इडे." म्हणजे, हो, छान कल्पना. समोरची रेणुका म्हणाली, आजारी मैत्रिणीला भेटायला पहाटे पाचला जाऊ. छान. भेट म्हणून सायकल नेऊ. तीही छान. दारात क्लासचे मालक प्रभाकर सर उभे होते. त्यांना जर्मन येत नाही, पण तेच ते शब्द त्यांनाही कळत होते.

आदिलाबादच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मी नर्सेसना जर्मन शिकवते. जर्मनीत नोकरीला जायचं तर परीक्षा द्यावी लागते. तोंडी भागात दोन उमेदवारांनी मिळून एक बेत ठरवायचा असतो. एकीने सुचवायचं, दुसरीने हरकत घ्यायची, कारण द्यायचं, मग तोडगा काढायचा. नुसतं हो ला हो केलं तर मार्क मिळत नाहीत.

"उज्ज्वला, नाही का म्हणत नाहीस?"

"मॅडम, समोरच्याले तोंडावर नाही कसं म्हनाव? तिले वाईट वाटन ना!"

तामसीकडच्या खेड्यातली मुलगी. घरी वडील आणि काका बोलायचे, वॉर्डात डॉक्टर बोलायचे, हिने मान हलवायची. तिच्या वहीतलं व्याकरण मात्र चोख होतं. जर्मनमध्ये साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं. पण 'वाइल', म्हणजे 'कारण', आलं की ते उठून वाक्याच्या शेवटी जातं. शेवटी क्रियापद ही तर आपल्या घरचीच सवय, त्यामुळे ते पोरींना पटकन जमतं. पण कारण द्यायला आधी हरकत तर घ्यायला हवी!

सरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, अगले मॉक में भी ऐसाच हुआ, तो बॅच स्वप्ना मॅडम को देता मैं."

मॉक म्हणजे सराव परीक्षा. आणि स्वप्ना म्हणजे माझ्या डोक्याला ताप. इचोड्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी, काही वर्षं जर्मनीत नर्स होती, आता परत येऊन पलीकडच्या खोलीत शिकवते. पदवी माझ्याकडे, पण जर्मनी तिने पाहिलेली. मी हैदराबादच्या पुढे गेलेले नाही. "आमच्या वॉर्डात ना..." असं तिने सुरू केलं की पोरी माना वर करून ऐकतात. प्लायवूडच्या भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला की मी फळ्यावर खडू जोरात दाबते. जळते मी तिच्यावर. सरळच सांगते.

सरांनीच मग फर्मान काढलं: दोघी मॅडमनी पोरींसमोर डेमो द्यायचा. विषय, सहकारी नर्सचा निरोप समारंभ.

स्वप्ना म्हणाली, हॉटेलात करू. मी म्हटलं, नको, कारण तिथे गोंगाट असतो. ती म्हणाली, मग बागेत. मी म्हटलं, नको, कारण पाऊस येईल. ती हसून म्हणाली, केक मी आणते. मी म्हटलं, नको, कारण प्रत्येक गोष्ट तुम्हीच करायची असं कुठे लिहिलंय! हे सगळं जर्मनमध्ये, बरं का. मराठीत मी केव्हाच तिच्यावर घसरले असते. इथे शेवटच्या क्रियापदापर्यंत वाक्य सांभाळायचं होतं, म्हणून राग तेवढा शिस्तीत निघाला.

पोरी भराभर लिहून घेत होत्या. बाहेर आल्यावर स्वप्ना म्हणाली, "मॅडम, तिकडं पन माझ्यासंगं इतकं शुद्ध कोनी भांडलं नवतं!" ती मनापासून म्हणाली, याचा मला जास्त राग आला.

मॉकच्या दिवशी नार्नूरची बस बंद पडली आणि रेणुका अडकली. उज्ज्वलासमोर मीच बसले. सर मागे खुर्ची टाकून. विषय निघाला, कोर्स संपल्याची पार्टी.

उज्ज्वला म्हणाली, स्वप्ना मॅडमलाही बोलवू. मी म्हटलं, गरज नाही, कारण त्यांना वेळ नसतो.

आता 'गुटे इडे' येणार, आणि बॅच जाणार. पण ती थांबली. ओढणी पदरासारखी बोटांभोवती गुंडाळली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "माझं मत वेगळं आहे. त्यांना वेळ आहे. तुम्हाला त्या नको आहेत, कारण तुम्ही त्यांच्यावर जळता."

'वाइल झी नाइडिश झिंट.' क्रियापद शेवटी, आवाज स्पष्ट, नजर माझ्या नजरेत. माझे कान तापले. खाली कागदावर कुठे मार्क कापता येतात का, तेही मी पाहिलं. कुठेच येत नव्हते.

"क्या बोली?" मागून सरांनी विचारलं.

"हरकत घेतली, सर. कारणासकट."

"किसके ऊपर?"

"मेरे ऊपर." मी पूर्ण मार्क दिले.

बॅच माझ्याकडेच राहिली. पुढे उज्ज्वला पहिल्याच प्रयत्नात पास झाली. पार्टीला स्वप्नाला बोलवावं लागलं. तिने केक आणला, भाषण केलं, आणि टाळ्या माझ्यापेक्षा तिलाच जास्त पडल्या. धंद्यातली गोष्ट एवढीच, की पोरींना तोंडावर नाही म्हणायला शिकवायचं असेल, तर समोर पहिलं तोंड आपलंच असतं.