मोठं पातेलं आधी

महिन्यापूर्वी सकाळची बुद्धवंदना आटोपून दार उघडलं, तर पायरीवर मीराबाई. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, आमच्याच जरीपटका वस्तीतली. वय बावन्न, डोक्यावर टोपलं, आणि स्टीलच्या डब्यांखाली बी.ए.चं इतिहासाचं पुस्तक. तिचे बाकीचे सगळे पेपर सुटले होते, प्राचीन ग्रीसचा तेवढा दोनदा राहिला. त्याच दुपारी तिसरी खेप होती, आणि मुदत संपत आल्यानं शेवटचीच.

"सगळं तर येते मले. मंग काहून राहते वं ताई हा पेपर?"

म्हटलं, "सांगा बरं, आयोनियातल्या ग्रीकांचं पर्शियन राजाविरुद्धचं बंड काहून फसलं?"

ती ऐसपैस बसली. "एक गुलाम होता. त्याचं डोकं भादरलं, त्यावर निरोप गोंदला, केस वाढू देले आन् धाडला मिलेटस शहरात..."

गुलामाचे केस वाढेस्तोवर माझा चहा उकळला. मग अथेन्सची वीस जहाजं आली. पर्शियनांचं सार्डिस शहर जळलं, नि जहाजं परत गेली. कप रिकामे झाले, तरी बंड काही फसेना.

तेवढ्यात शेजारची नूपुर दोन जुन्या साड्या घेऊन आली. मीराबाईनं आधी वाटी काढली. मग तांब्या. नूपुर उठायला लागली तेव्हा कुठे तळाचं मोठं पातेलं वर आलं. तीस वर्षांचा धंदा!

नूपुर गेल्यावर मी म्हटलं, "पेपरातही तुम्ही हेच करून राहिल्या. आधी वाटी. पातेलं निघेस्तोवर घंटा वाजते."

तिनं टोपलं बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, "पातेलं म्हणजे लाडेची समुद्रावरची लढाई. सामोस बेटवाल्यांनी ऐन वेळी जहाजं फिरवली. त्याईले पाहून बाकीचे पळाले. एकी तुटली, मिलेटस पडलं."

"हेच पहिल्या ओळीत लिहा."

"पहिल्याच? गिऱ्हाईक उठून जाईन ना वं!"

"तपासणारे मास्तर कुठं जातात? त्याईले पगार आहे."

संध्याकाळी ती हसतच परतली. "पहिल्याच ओळीत पातेलं काढलं, ताई. पंधरा मिनिटं उरली. मंग शेवटी गुलाम बी टाकला. पातेल्यावर वाटी फुकट!"

आज निकाल लागला. टोपलं डोक्यावरून उतरवायच्या आधीच मीराबाई फाटकातून ओरडली, "ताई, पास!"